चेर्ताल्दोचा गोष्टीवेल्हाळ



धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुलांना सोडायला येणारे पालक आम्हाला अधूनमधून एक प्रश्न विचारतात. मुले हल्ली जादूच्या गोष्टी वाचतात. चेटकिणी, उडणारे पलंग, मंतरलेल्या अंगठ्या. फादर, हे वाचू द्यावे की हातातून काढून घ्यावे? आम्ही दर वेळी वेगळे उत्तर देतो आणि त्यातले एकही आमचे आम्हालाच पटत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना सत्य म्हणजे काय यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली. रचलेल्या गोष्टीत सत्य राहते का, आणि राहत असेल तर कुठे, हा प्रश्न मात्र परीक्षेला कधी आला नाही.

इटलीतल्या एका माणसाच्या दारात हा प्रश्न 1362 साली एका मठवासीयाच्या रूपाने येऊन उभा राहिला होता. त्या माणसाचे नाव जोव्हान्नी बोकाच्चो. 'डेकामेरॉन' या शंभर गोष्टींच्या पुस्तकाचा तो लेखक. पुस्तकाचे नाव काढले की काही जण गालातल्या गालात हसतात, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी चावट आहेत आणि आम्हा धर्मगुरूंची तर त्यात यथेच्छ टिंगल आहे. ते आम्हाला ठाऊक आहे. हे पुस्तक मोठ्यांचे आहे, दृढीकरणाच्या वर्गात बक्षीस म्हणून वाटण्याचे नाही. तरीही त्याच्या कर्त्याची हकिगत आपल्या धर्मग्रामापुढे ठेवावीशी वाटली.

बोकाच्चोचा जन्म 1313 सालचा. फ्लॉरेन्सजवळच्या टेकडीवरचे चेर्ताल्दो हे त्याच्या घराण्याचे गाव. त्याचा जन्म तिथे झाला की फ्लॉरेन्स शहरात, यावर अजून वाद आहे. वडील व्यापारी, बार्दी या मोठ्या पेढीशी संबंधित. आई कोण, हे इतिहासाला ठाऊक नाही. मूल विवाहबाह्य संबंधातून झालेले होते, पण वडिलांनी त्याला आपले नाव दिले आणि घरात वाढवले. पुढे बोकाच्चोने आपल्या सुरुवातीच्या लेखनात अशी काही पात्रे रचली की वाचकांना वाटू लागले, लेखकाची आई पॅरिसची कुलीन स्त्री असावी. विद्वानांनीही बराच काळ त्यावर विश्वास ठेवला. आज ती कल्पना कोणी मानत नाही. आई माहीत नसलेल्या मुलाने स्वतःसाठी एक परीकथा रचली, असे आम्हाला वाटते, आणि त्याबद्दल त्याला दोष देववत नाही.

1327 च्या सुमारास वडिलांनी त्याला नेपल्सला नेले. पेढीवर हिशेब शिकण्यात काही वर्षे गेली, मग ख्रिस्तसभेच्या कायद्याचा अभ्यास करण्यात आणखी काही. मन दोन्हींत रमले नाही. रमले ते राजा रॉबर्टच्या ग्रंथालयात आणि बंदरावर. नेपल्स हे तेव्हा भूमध्य समुद्रावरचे गजबजलेले शहर. ग्रीस, सायप्रस, इजिप्तकडून येणाऱ्या गलबतांतून मालाबरोबर गोष्टीही उतरत. इथेच त्याने ताटातूट झालेल्या दोन प्रेमिकांची लांबलचक गद्यकथा लिहिली. तिच्यात आपली प्रेयसी फियाम्मेत्ता आपल्याला पवित्र शनिवारी, संत लॉरेन्सच्या मंदिरात प्रथम दिसली, असे त्याने सूचित केले. ती राजाची मुलगी होती म्हणे! तशा राजकन्येची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सापडलेली नाही.

1340-41 च्या हिवाळ्यात तो फ्लॉरेन्सला परतला. दिवस वाईट होते. इंग्लंडच्या राजाला दिलेली कर्जे बुडाली आणि त्या दशकाच्या मध्याला बार्दी पेढीही बुडाली. त्यानंतर 1348 साली प्लेग आला. शहरातली निम्मी किंवा त्याहूनही जास्त माणसे काही महिन्यांत गेली. बोकाच्चोची सावत्र आई गेली, कितीतरी मित्र गेले, थोड्याच काळात वडीलही गेले. प्रेताला खांदा द्यायला नातलग उरले नाहीत, आईबाप पोटच्या पोरांजवळ जाईनात, अंत्यविधी उरकून टाकले जाऊ लागले. हे सारे त्याने पुस्तकाच्या सुरुवातीला लिहून ठेवले आहे. कोरोनाच्या काळात 2020 आणि 2021 मध्ये आपणही रिकाम्या दफनभूमीत उभे राहिलो आहोत, म्हणून आम्ही ती पाने पुन्हा वाचली. वाचवत नव्हती.

या मरणाच्या वर्णनानंतर गोष्ट सुरू होते. मंगळवारी सकाळी सान्ता मारिया नोव्हेल्ला या डोमिनिकन मंदिरात सात तरुणी आणि तीन तरुण एकत्र येतात. शहर सोडून टेकडीवरच्या एका वाड्यात राहायला जातात आणि दररोज प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची असे ठरवतात. दहा जण, दहा दिवस, शंभर गोष्टी. 'डेकामेरॉन' या ग्रीक धाटणीच्या नावाचा अर्थही दहा दिवस असाच. मुक्काम मात्र दोन आठवड्यांचा होतो, कारण शुक्रवारी आणि शनिवारी गोष्टी बंद. शुक्रवार प्रभूच्या दुःखसहनाचा म्हणून, आणि शनिवार स्नान-स्वच्छतेचा व पवित्र मरियेच्या सन्मानाचा म्हणून. चावटपणासाठी बदनाम झालेल्या पुस्तकातली ही शिस्त फारशी कोणी सांगत नाही.

प्रस्तावनेत बोकाच्चो या गोष्टींना एक नाव देत नाही, चार देतो. नोव्हेल्ला म्हणजे नवी गोष्ट, काल-परवा घडल्यासारखी, जवळजवळ बातमीच. फावोला म्हणजे कल्पित कथा. पाराबोला म्हणजे दृष्टांत, दाखला. इस्तोरिया म्हणजे घडलेली हकिगत. यांतले काय हवे ते म्हणा, असा त्याचा एकूण सूर. हा सूर वाटतो तितका साधा नाही. त्या काळी कुठली गोष्ट कुठे सांगायची हे ठरलेले होते. संतांची चरित्रे मंदिरात आणि मठात वाचायची, शूर सरदारांच्या कथा चौकात गायच्या, भुताखेतांच्या गोष्टी चुलीपाशी सांगायच्या. प्रवचनकारांसाठी तर तयार दाखल्यांचे संग्रहच असत, कुठल्या पापावर कुठली गोष्ट सांगायची याची सोय केलेली. (असे संग्रह आजही मिळतात. आमच्या कपाटातही दोन आहेत.) बोकाच्चोने हे सगळे डबे उघडले आणि एकाच टोपलीत ओतले.

याचे एक उदाहरण आम्हाला फार बोलके वाटते. सान्ता मारिया नोव्हेल्लामध्ये याकोपो पास्सावान्ती हे डोमिनिकन प्रवचनकार होते. 1354 च्या उपवासकाळातल्या त्यांच्या प्रवचनांतून पुढे प्रायश्चित्तावरचे एक पुस्तक तयार झाले. त्यात एका कोळसे पाडणाऱ्या गरीब माणसाची गोष्ट येते. रात्री भट्टी राखत असताना त्याला दिसते की एक नग्न स्त्री जिवाच्या आकांताने पळते आहे आणि काळ्या घोड्यावरचा स्वार तिचा पाठलाग करतो आहे. तो तिला गाठतो, मारतो आणि पेटत्या भट्टीत टाकतो. असे रोज रात्री. ही दोघे व्यभिचारी होती, तिने नवऱ्याला मारले होते आणि आता दोघे मिळून शिक्षा भोगत आहेत, असा उलगडा होतो. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यावा, आणि यायचाच.

हीच जुनी कथा बोकाच्चोनेही घेतली, ती रावेन्नाजवळच्या पाइनच्या बनात नेली आणि उलटी केली. त्याच्या गोष्टीत पळणाऱ्या स्त्रीचा गुन्हा एवढाच की तिने प्रेम करणाऱ्याला नकार दिला आणि त्याने जीव दिला. दर शुक्रवारी तो भुताचा स्वार तिच्यामागे कुत्रे सोडतो. नास्ताज्यो नावाचा तरुण ते पाहतो. त्याचीही प्रेयसी त्याला दाद देत नसते. तो करतो काय, तर पुढच्या शुक्रवारी त्याच जागी मेजवानी ठेवतो आणि तिला घरच्या मंडळींसह जेवायला बोलावतो! भयाण देखावा पाहून मुलगी घाबरते आणि लग्नाला तयार होते. प्रवचनात जे नरकाचे भय, ते इथे लग्न जमवण्याची युक्ती. वाचताना हसू येते आणि मग त्या मुलीची दया येते, कारण भीतीने दिलेला होकार तो कसला होकार? भीती दाखवून माणसाला वळवता येते हे आम्हा प्रवचनकारांनाही चांगले ठाऊक आहे, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला सहजासहजी सोडत नाही.

जादूच्या गोष्टींचे म्हणाल तर त्यांची रेलचेल आहे. जिलेत्ता ही वैद्याची मुलगी फ्रान्सच्या राजाचे दुखणे बरे करते आणि बक्षीस म्हणून हवा तो नवरा मागून घेते. नवरा रागाने निघून जातो आणि अशक्य अट घालतो: माझ्या बोटातली अंगठी आणि माझ्यापासून झालेले मूल घेऊन ये, मग मी तुझ्याबरोबर नांदेन. ती युक्तीने दोन्ही मिळवते. दुसऱ्या एका गोष्टीत ऐन जानेवारीत फुललेली बाग आहे. पण आमची आवडती गोष्ट तोरेल्लोची. सुलतान सलादिन व्यापाऱ्याच्या वेशात इटलीतून जात असताना तोरेल्लो त्याला न ओळखता पोटभर पाहुणचार करतो. पुढे तोरेल्लो धर्मयुद्धाला जातो. जाताना बायकोला सांगतो, एक वर्ष, एक महिना आणि एक दिवस वाट पाहा. तो कैद होतो, सुलतानाच्या पदरी शिकारी पक्षी सांभाळतो, आणि सलादिन त्याला ओळखतो. मुदत संपत आलेली असते. मग सुलतानाचा जादूगार त्याला झोपेतच, पलंगासकट, एका रात्रीत पाव्हिया शहरातल्या संत पेत्राच्या मंदिरात पोचवतो. संत अगस्तीनचे अवशेष आजही ज्या मंदिरात आहेत, तेच हे मंदिर. पहाटे मठवासी दिवा घेऊन येतो तो समोर रत्नजडित पलंग, आणि त्यावर परकी वस्त्रे ल्यालेला माणूस. मठवासी पळत सुटतो! शेवटी बायकोच्या दुसऱ्या लग्नाच्या मेजवानीत तोरेल्लो प्याल्यात अंगठी टाकतो आणि ओळख पटते. ख्रिस्ती माणूस आणि मुसलमान सुलतान यांच्या मैत्रीची ही गोष्ट धर्मयुद्धांच्या आठवणी ताज्या असताना लिहिली गेली. एरवी हे दोघे मित्र म्हणून भेटले असते कुठे? उडत्या पलंगाशिवाय ते जमले नसते.

या गोष्टींतल्या काहींची मुळे आपल्या देशापर्यंत पोचतात. बोकाच्चोवर टीका होऊ लागली तेव्हा चौथ्या दिवसाच्या सुरुवातीला त्याने स्वतःच्या तोंडून एक अर्धीच गोष्ट सांगितली. बायको वारलेला एक बाप लहान मुलाला घेऊन डोंगरावर प्रार्थनेत राहतो. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर प्रथमच शहरात येतो, तरुण मुली पाहतो आणि विचारतो, या कोण? बाप सांगतो, ही बदके आहेत, यांच्याकडे बघू नकोस. मुलगा म्हणतो, मग एक बदक घरी नेऊ या की! हीच कल्पना बर्लाम आणि योसाफात या मध्ययुगातल्या अतिशय लोकप्रिय ख्रिस्ती कथेत आहे, आणि त्या कथेचा गाभा म्हणजे गौतम बुद्धाचे चरित्र, जे भाषांतरांवर भाषांतरे होत युरोपात पोचले. रामायणातल्या ऋष्यशृंगाशी तिचे साम्यही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पंचतंत्रही अरबी आणि हिब्रूच्या वाटेने तेराव्या शतकात इटलीतच लॅटिनमध्ये उतरले होते. गोष्टींना पासपोर्ट लागत नाही.

आता टिंगलीबद्दल. फ्रा चिपोल्ला, म्हणजे कांदाबुवा, हा भिक्षा मागणारा मठवासी. तो येतो तो खुद्द चेर्ताल्दोलाच. तिथले कांदे प्रसिद्ध होते. देवदूत गाब्रिएलचे पीस दाखवतो असे तो लोकांना कबूल करतो. ते असते पोपटाचे. दोन टवाळ पोरे ते पळवतात आणि पेटीत कोळसे भरून ठेवतात. भर सभेत पेटी उघडल्यावर कोळसे दिसतात, तर हा पठ्ठ्या क्षणभरही न अडखळता आपण पूर्वेकडे, अगदी हिंदुस्थानापर्यंत कसे गेलो याचे लांबलचक वर्णन करतो आणि जाहीर करतो की पेट्यांची अदलाबदल झाली, हे संत लॉरेन्सला ज्या निखाऱ्यांवर भाजले त्यांतले कोळसे आहेत, आणि संत लॉरेन्सचा सण परवाच आहे! लोक भक्तिभावाने कपड्यांवर कोळशाचे क्रूस काढून घेतात. आम्ही हसलो, मग आमची काही प्रवचने आठवली.

पुस्तक गाजले. पण त्याचा कर्ता हळूहळू बदलत गेला. 1350 मध्ये फ्लॉरेन्सला कवी पेत्रार्क भेटला आणि जन्माची मैत्री जडली. त्याच वर्षी शहरातल्या एका भक्तमंडळाने त्याला रावेन्नाला पाठवले ते दान्तेच्या मुलीला दहा सोन्याची नाणी द्यायला. ती तिथे धर्मभगिनी होती. दान्तेला हद्दपार करणाऱ्या शहराची ही उशिराची भरपाई. शहराचा दूत म्हणून पोपच्या दरबारी आव्हिन्योंलाही त्याच्या फेऱ्या झाल्या. त्याने लग्न केले नाही, पण मुले होती आणि ती जगली नाहीत. त्यातली छोटी व्हिओलान्ते गेली तेव्हा तो प्रवासात होता. पुढे लॅटिनमधल्या एका काव्यात त्याने रात्रीच्या रानात तिला परत आणले. रान उजळते, मुलगी तेजात उभी राहते, बापाला स्वर्गाचे वर्णन सांगते आणि पहाटे निघून जाते. धर्मशास्त्राच्या पुस्तकांत स्वर्गाबद्दल आम्ही बरेच वाचले. लेकीच्या तोंडून स्वर्ग ऐकणारा बाप तिथे भेटला नव्हता.

1360 मध्ये पोप सहावे इनोसंट यांनी जन्माची अडचण दूर करून त्याला धर्मगुरुपदाची वाट मोकळी करून दिली. आणि दोन वर्षांनी तो निरोप आला. सिएनाचे कार्थुसियन मठवासी प्येत्रो पेत्रोनी 1361 मध्ये पावित्र्याच्या कीर्तीसह निवर्तले होते. त्यांनी मरताना काही जणांना इशारे देऊन ठेवले होते. जोआक्किनो चानी नावाचा मठवासी ते घेऊन बोकाच्चोकडे आला: तुझे थोडेच दिवस उरले आहेत, कविता आणि असले लेखन सोडून दे.

बोकाच्चो हादरला. लेखन जाळून टाकावे, जमवलेली पुस्तके विकून टाकावीत, अभ्यास बंद करावा असे त्याने मनाशी घेतले आणि पेत्रार्कला तसे कळवले. पेत्रार्कने मे 1362 मध्ये उत्तर लिहिले. मरण जवळ आहे ही बातमी नवी नाही, ती प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक असते. विद्या भक्तीच्या आड येत नाही. ज्याला पचते त्याने ती का सोडावी? आणि पुस्तके विकायचीच असतील तर ती परक्याच्या हाती जाऊ देऊ नकोस, मलाच दे. मित्राचे हे पत्र आम्ही एका निराश माणसाला केलेले समुपदेशन म्हणून वाचतो. पुस्तके राहिली.

याच वर्षांत तो प्राचीन देवदेवतांच्या वंशावळीचा एक प्रचंड लॅटिन ग्रंथ लिहीत होता. त्याच्या चौदाव्या भागात त्याने कथांचे चार प्रकार पाडले. पहिला, पशू आणि झाडे बोलतात तो. शास्ते या पुस्तकात झाडे राजा निवडायला निघतात तेही असेच, असे तो दाखवून देतो. दुसऱ्यात कल्पित आणि खरे यांचे मिश्रण. तिसरा इतिहासासारखा भासणारा. हा तर प्रभू येशूनेच आपल्या दाखल्यांत वापरला, मग कथा हे पाप कसे? लॅटिन बायबलात एमाऊसच्या वाटेवरच्या दोन शिष्यांच्या बोलण्यासाठी जे क्रियापद आहे, ते कथेसाठी असलेल्या शब्दाशी जोडलेले आहे, हेही तो सांगतो. चौथा प्रकार म्हाताऱ्यांच्या वेड्या गोष्टींचा. त्यात आतबाहेर कुठेच सत्य नाही म्हणून तो निकालात काढतो. पण पुढच्याच प्रकरणात त्याचे मन बदललेले दिसते. हिवाळ्याच्या रात्री शेकोटीशी बसून राक्षस, पऱ्या आणि चेटकिणींच्या गोष्टी सांगणारी म्हातारीसुद्धा मनात काही अर्थ धरूनच सांगते, असे तो लिहितो. पोरांना भीती दाखवायची असेल, थोरांना हसवायचे असेल किंवा दैवाचा खेळ दाखवायचा असेल. तर्कशास्त्राच्या परीक्षेत या विसंगतीला गुण कापले गेले असते. आम्ही मात्र त्याला पुरे गुण देऊ.

शेवटची वर्षे चेर्ताल्दोत गरिबीत आणि आजारपणात गेली. 1373 च्या ऑक्टोबरपासून फ्लॉरेन्सच्या एका मंदिरात तो दान्तेच्या महाकाव्यावर लोकांसाठी व्याख्याने देऊ लागला. मानधन शंभर सुवर्णनाणी. जानेवारीत प्रकृतीने साथ सोडली आणि व्याख्याने अर्ध्यावर थांबली. त्याच सुमारास पेत्रार्कने 'डेकामेरॉन'मधली शेवटची गोष्ट, सोशिक ग्रिझेल्दाची, लॅटिनमध्ये नेली. सालुत्सोचा सरदार गरीब घरची मुलगी करतो आणि तिची परीक्षा पाहण्यासाठी मुले हिरावून घेतो, ती मारली असे भासवतो, तिला अंगावरच्या सदऱ्यानिशी घराबाहेर काढतो. ती तक्रार करीत नाही. पेत्रार्कने त्यात देवापुढे नम्र राहणारा आत्मा पाहिला. बोकाच्चोच्या पुस्तकात मात्र गोष्ट सांगणारा तरुण नवऱ्याच्या वागण्याला सरळ पशुतुल्य ठरवतो. ही गोष्ट आम्ही लग्नाच्या मिस्सात सांगणार नाही. पेत्रार्कचा एक मित्र ती वाचताना रडू आवरेना म्हणून थांबला. दुसरा कोरड्या डोळ्यांनी वाचून म्हणाला की हे खरे वाटले असते तर रडलो असतो.

1374 च्या जुलैत पेत्रार्क वारला. हिवाळ्याच्या रात्री अभ्यासाला बसताना घालायला उबदार झगा घ्यावा म्हणून त्याने मृत्युपत्रात बोकाच्चोला पन्नास सुवर्णनाणी ठेवली होती. तो झगा बोकाच्चोला एकाच पुऱ्या हिवाळ्याला पुरला. 21 डिसेंबर 1375 रोजी, नाताळच्या चार दिवस आधी, तो गेला आणि चेर्ताल्दोच्या मंदिरात त्याला पुरले. आपली पुस्तके त्याने अगस्तीनियन मठवासी मार्तीनो यांना आणि त्यांच्यामागे त्यांच्या मठाला दिली. थडग्यावरच्या ओळी त्याने स्वतःच रचल्या होत्या. त्यांत वडिलांचे नाव आहे, गावाचे नाव आहे आणि कवितेची ओढ आहे, 'डेकामेरॉन' नाही.

पुस्तकाचे पुढे बरेच हाल झाले. 1497 मध्ये साव्होनारोलाच्या होळीत फ्लॉरेन्सला त्याच्या प्रती जळाल्या. 1559 मध्ये ते निषिद्ध पुस्तकांच्या यादीत गेले आणि 1573 मध्ये ख्रिस्तसभेच्या परवानगीने सुधारून छापले गेले. गोष्टी बऱ्याचशा तशाच राहिल्या, फक्त पापी धर्मगुरू आणि मठवासी यांच्या जागी सामान्य प्रापंचिक आले. प्रापंचिकांनी यावर काय म्हणावे, ते तुम्हीच ठरवा.

पण 1362 च्या त्या निरोपानंतरची एक गोष्ट राहिली. 1373 मध्ये एका मित्राला लिहिताना बोकाच्चोने विनवले होते की आपल्या घरच्या स्त्रियांना माझी ती पोरकट पुस्तके वाचू देऊ नकोस. लाज वाटत होती हे स्पष्ट आहे. आणि तरीही त्याच्या तीनेक वर्षे आधी, 1370 च्या सुमारास, सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांच्या त्या थकलेल्या माणसाने सगळे 'डेकामेरॉन' चर्मपत्रावर पुन्हा एकदा आपल्या हाताने उतरवून काढले होते. ती प्रत आज बर्लिनच्या ग्रंथालयात आहे. काही पाने हरवली आहेत. जुन्या हस्तलिखितांत पुढच्या जुडग्याचे पहिले शब्द आधीच्या पानाच्या तळाशी लिहून ठेवत, म्हणजे बांधणाऱ्याचा गोंधळ होत नसे. त्या प्रतीत अशा काही शब्दांभोवती लहानलहान चेहरे काढलेले आहेत. गोष्टीतलीच माणसे आहेत ती, आणि ते चेहरे बोकाच्चोनेच काढले असे अभ्यासक मानतात.